शेवटचा शब्द कोणाचा?

'मजलस' हा शब्द मराठीत आता जुना झाला. गाण्याची मजलस, गप्पांची मजलस असे पूर्वी सर्रास म्हणत. मूळ अरबी धातूचा अर्थ एवढाच, की बसणे. चार माणसे एकत्र बसली की मजलस झाली. त्याच धातूतून 'जलसा' निघाला आणि सत्यशोधकी व आंबेडकरी जलशांनी तो महाराष्ट्राच्या खेडोपाडी नेला. इराणमध्ये मात्र याच शब्दाला फार मोठा मान मिळाला. तिथल्या संसदेचे नावच मजलिस. आणि मजलिसमध्ये निवडून जाणाऱ्याला बोलताना म्हणतात 'वकील'. आपल्याकडे काळा कोट घालून कोर्टाच्या पायऱ्या चढतो तो वकील. तिकडे लोकांची बाजू मांडायला लोकांनीच पाठवलेला तो वकील.

शब्दांचे हे नाते आपल्याला नवे नाही. वि. का. राजवाड्यांनी जुन्या मराठी पत्रांतल्या फारसी शब्दांची मोजदाद केली होती. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही धुळ्यात उभे आहे. कायदा, मंजूर, दुरुस्ती, हजर, सरकार हे शब्द वगळून आपल्या विधानसभेचे एका दिवसाचे कामकाज मराठीत लिहून पाहा, हात लगेच अडखळेल. शब्द जवळचे आहेत. पण त्या शब्दांमागची व्यवस्था?

मी आयुष्यभर माध्यमिक शाळेत नागरिकशास्त्र शिकवले. शेवटच्या पानावरचे, परीक्षेत वीस गुणांचे, मुलांना कंटाळवाणे वाटणारे ते शास्त्र. तरीही इराणचे नाव बातम्यांत आले की जळगावच्या रस्त्यात एखादा जुना विद्यार्थी स्कूटर थांबवून विचारतोच, "सर, तिकडे तर धर्मगुरूंचे राज्य. मग ते निवडणुका कशाला घेतात? आणि घेतात तर त्यांची संसद करते काय?" प्रश्न दूरदेशीचा वाटतो. पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला आहे आणि तो आपल्या दारातला आहे. माणसाने मत दिले, त्याचा प्रतिनिधी निवडून गेला, त्याने कायदा केला. त्यानंतर शेवटचा शब्द कोणाचा?

थाळनेरची कबरस्ताने

आधी आपल्याच मातीकडे पाहू. धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठी थाळनेर आहे. फारुकी सुलतानांच्या कबरी तिथे आहेत. फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजा याला थाळनेर आणि करवंद हा मुलूख दिला. पुढे १३८२ मध्ये मलिक राजा स्वतंत्र झाला आणि जानेवारी १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे, खानदेशावर या घराण्याने राज्य केले. दुसरे खलिफा उमर 'अल्-फारुक' यांचे आपण वंशज, असा या घराण्याचा दावा होता. म्हणून फारुकी.

तेव्हा इस्लामी राज्यव्यवस्था खानदेशाला अपरिचित नव्हती. पण त्या व्यवस्थेत कायदेमंडळ असे काही नव्हते. सुलतानाचे फर्मान, काझीचा निवाडा आणि ज्या त्या गावाची, जातीची रूढी यांवर कारभार चाले. कायदा 'करणे' ही कल्पनाच नव्हती. धर्माचा कायदा आधीच दिलेला आहे, जाणत्याने तो शोधायचा आणि सुलतानाने तो पाळायचा, अशी समजूत. त्या काळी आपल्याकडच्या हिंदू राजांचीही समजूत याहून फार वेगळी नव्हती. तिथे काझीच्या जागी धर्मशास्त्री असे, इतकेच. मलिक राजा वारल्यावर त्याच्या दोन मुलांत, एक ळळिंगला आणि एक थाळनेरला, वैर पेटले आणि त्याचा निकाल तलवारीने लागला. मत मोजण्याची सोय नसली की डोकी मोजली जात नाहीत, उडवली जातात.

जळगावचे माझे एक स्नेही उर्दू शाळेत शिक्षक होते, फारसी उत्तम जाणतात. हा विषय निघाला की ते सांगतात, "सर, कुराणात 'शूरा' नावाची एक सूराच आहे. शूरा म्हणजे मसलत. खलिफा उमरनी मृत्यूशय्येवर पुढचा खलिफा निवडायला सहा जणांची शूरा नेमली होती. भांडण शूरा असावी की नसावी याचे नाहीच. शूरेने नुसता सल्ला द्यायचा की तिचा सल्ला राजाला बांधील, हे भांडण आहे." मला वाटते, सगळा विषय या एका वाक्यात आला. आधुनिक काळात मुसलमानी देशांत संसद आली, ती या जुन्या भांडणाच्या मधोमध येऊन बसली.

साखरेचे भाव आणि संसद

इराणमध्ये ती कशी आली, ही कथा आपल्या बाजारपेठेच्या माणसाला चटकन समजेल. डिसेंबर १९०५ मध्ये तेहरानात साखर महागली. शहराच्या सुभेदाराने व्यापाऱ्यांना दोष दिला आणि काहींच्या तळपायांवर छड्या मारल्या. बाजार बंद झाला. व्यापारी आणि धर्मगुरू एकत्र येऊन देवस्थानात आश्रयाला बसले. पुढच्या उन्हाळ्यात तर हजारो माणसे तेहरानमधल्या ब्रिटिश वकिलातीच्या बागेत ठाण मांडून बसली. तिथेच चुली पेटल्या. आधी मागणी होती न्यायालयाची. बसता बसता ती संसदेची झाली. ऑगस्ट १९०६ मध्ये शहाने ती मान्य केली आणि ऑक्टोबरात पहिली मजलिस भरली. आपल्याकडे तेव्हा वंगभंगाची चळवळ चालू होती आणि कायदे कौन्सिलात सरकारनियुक्त मंडळी बसत होती.

त्या मजलिसचे पूर्ण नाव होते 'मजलिसे शूराये मिल्ली', राष्ट्रीय सल्लामसलत सभा. पण लगेच पुढच्याच वर्षी प्रश्न आला: माणसांनी केलेला कायदा देवाच्या कायद्याविरुद्ध गेला तर? शेख फजलुल्ला नूरी या धर्मपंडिताने आग्रह धरला आणि १९०७ च्या घटनापुरवणीत एक कलम आले, की किमान पाच श्रेष्ठ धर्मशास्त्र्यांची समिती प्रत्येक कायदा तपासेल. १९०८ मध्ये शहाने तोफा लावून मजलिसची इमारत फोडली. ती पुन्हा उभी राहिली आणि ज्या नूरींनी शहाची बाजू घेतली होती त्यांना १९०९ मध्ये फाशी झाली. पाच शास्त्र्यांचे ते कलम पुढे जवळजवळ कागदावरच राहिले. याच मजलिसने १९५१ मध्ये तेलाचे राष्ट्रीयीकरण केले आणि डॉ. मोसद्देक यांचे नाव जगभर झाले. दोन वर्षांनी ब्रिटन आणि अमेरिकेच्या मदतीने त्यांना उलथून टाकण्यात आले आणि मजलिस शहाच्या ताटाखालचे मांजर बनली.

१९७९ ची क्रांती झाली ती या पार्श्वभूमीवर. त्या वर्षी जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या घटनेच्या पहिल्या मसुद्यात धर्मशास्त्र्याच्या सर्वोच्च सत्तेचा उल्लेखही नव्हता. मोठ्या घटना समितीऐवजी सुमारे सत्तर जणांचे, बहुतांशी धर्मगुरूंचे मंडळ बसले आणि त्याने आयातुल्ला खोमेनींचा 'विलायते फकीह', म्हणजे धर्मशास्त्र्याच्या सत्तेचा सिद्धांत घटनेच्या मध्यभागी आणून ठेवला. पाच शास्त्र्यांचे जुने कलमही परत आले, पण आता त्याला खरे दात होते. आणि १९८० मध्ये मजलिसच्या नावातला एक शब्द बदलला. 'मिल्ली' गेले, 'इस्लामी' आले.

बारा माणसांचे दार

आता ही सभा चालते कशी ते पाहू. एरवी ती कोणत्याही संसदेसारखी दिसते. २९० सदस्य, मुदत चार वर्षे, समित्या, अंदाजपत्रकावर खडाजंगी. बैठका उघड व्हाव्यात आणि रेडिओवरून ऐकवल्या जाव्यात असे घटनेतच लिहिले आहे. राष्ट्राध्यक्षाने निवडलेल्या प्रत्येक मंत्र्याला मजलिसचा विश्वास वेगवेगळा मिळवावा लागतो. आपल्यासारखे एकदा बहुमत सिद्ध केले की सगळे मंत्री पास, असे नाही. मंत्र्याला घरी बसवण्याचा अधिकारही तिला आहे आणि तो तिने वापरलेला आहे. १९८१ मध्ये तर पहिले राष्ट्राध्यक्ष बनी सद्र यांना मजलिसने अपात्र ठरवले. त्यामुळे 'नुसता देखावा' म्हणून हात झटकणे बरोबर नाही.

पण मंजूर झालेला कायदा तिथून एका दारापाशी जातो. त्या दाराचे नाव 'शूराये निगहबान'. आपण निगा राखतो, निगराणी करतो, तोच हा शब्द. म्हणून त्याला निगराणी मंडळ म्हणू. मंडळात बारा जण. सहा धर्मशास्त्री, सर्वोच्च नेत्याने नेमलेले. सहा कायदेपंडित, न्यायखात्याच्या प्रमुखाने नावे सुचवायची आणि मजलिसने त्यांतून निवडायचे. मुदत सहा वर्षे. मजलिसने केलेला प्रत्येक कायदा त्यांच्याकडे गेलाच पाहिजे. दहा दिवसांत त्यांनी उत्तर द्यायचे, लागल्यास आणखी दहा दिवस मागून घ्यायचे. कायदा घटनेशी जुळतो का, हे बाराही जण बहुमताने ठरवतात. इस्लामशी जुळतो का, हे मात्र फक्त सहा धर्मशास्त्री. म्हणजे २९० जणांनी एकमताने केलेला कायदा चार माणसे परत पाठवू शकतात. निगराणी मंडळ अस्तित्वात नसेल तर मजलिसलाही कायदेशीर अस्तित्व नाही, असे घटना स्पष्ट सांगते.

१९८० च्या दशकात याचा व्हायचा तो परिणाम झाला. मजलिस जमीनसुधारणेचे आणि कामगारांच्या हिताचे कायदे करी. मंडळ म्हणे, खासगी मालमत्ता आणि करार यांबाबतच्या धर्मनियमांत हे बसत नाही. कागद जात राहिले, येत राहिले. शेवटी फेब्रुवारी १९८८ मध्ये खोमेनींनीच तोड काढली. दोघांचे जमेना तेव्हा निकाल देणारे तिसरे मंडळ त्यांनी नेमले आणि १९८९ च्या घटनादुरुस्तीत त्याला कायमची जागा मिळाली. त्याच्या नावातला मुख्य शब्द 'मस्लहत', म्हणजेच आपली मसलत. मूळ अर्थ, भले कशात आहे ते. राज्याचे भले असेल तर धर्मशास्त्र्यांचा आक्षेपही बाजूला सारता येईल, असा याचा मथितार्थ. रखडलेला कामगार कायदा १९९० मध्ये याच मंडळाने मार्गी लावला. कट्टर धर्मराज्यालाही कारभार चालवायचा म्हटले की व्यवहाराशी तडजोड करावी लागते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. फक्त या मसलत मंडळातली माणसेही नेमतो तो सर्वोच्च नेताच.

यझ्दचा नगरसेवक

या तिन्ही मंडळांचे नाते एका माणसाच्या कथेत नेमके दिसते आणि त्या कथेचा धागा मुंबईशी जुळतो. ज्यांच्या हॉटेलातला मस्का-पाव आणि पानी कम चाय आपण मुंबई-पुण्यात खाल्ला-प्यायला, त्या इराणी मंडळींतले बरेच जण यझ्द या वाळवंटी शहराच्या आसपासचे, झरतुष्ट्र धर्माचे. इराणात राहिलेल्या त्यांच्या भाईबंदांना पूर्वी जिझिया द्यावा लागे. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये मानेकजी लिमजी हातारिया यांना आपला प्रतिनिधी म्हणून तिकडे पाठवले. त्यांनी तीन दशके खटपट केली आणि १८८२ मध्ये शहाच्या फर्मानाने तो कर उठला. १९०६ च्या पहिल्या मजलिसमध्ये झरतुष्ट्रींना एक जागा मिळाली. ती पुढे १९७९ च्या घटनेतही टिकली. झरतुष्ट्री एक, ज्यू एक, आर्मेनियन ख्रिस्ती दोन, असिरी व खाल्दी ख्रिस्ती मिळून एक, अशा पाच राखीव जागा मजलिसमध्ये आहेत आणि हे सदस्य आपापल्या धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेतात. बहाई हा इराणातला मोठा अल्पसंख्य समाज. त्याला मात्र ना जागा, ना मान्यता.

तर या यझ्दमध्ये सेपंता निकनाम नावाचे झरतुष्ट्री गृहस्थ २०१३ मध्ये नगर परिषदेवर निवडून आले. तिथे राखीव जागा नव्हती; मुसलमान शेजाऱ्यांच्या मतांवरच ते आले होते. मे २०१७ मध्ये पुन्हा आले. तेवढ्यात निगराणी मंडळाच्या प्रमुखांनी मत दिले होते, की बहुसंख्य मुसलमानांच्या गावात गैरमुस्लिमाने त्यांचे प्रतिनिधित्व करणे धर्माला धरून नाही. पडलेल्या एका उमेदवाराने तक्रार केली आणि निकनाम यांचे पद स्थगित झाले. आता पाहा. मजलिसच्या अध्यक्षांनी उघड नाराजी दाखवली. मजलिसने स्थानिक निवडणुकांच्या कायद्यात दुरुस्ती केली. निगराणी मंडळाने ती फेटाळली. मजलिस हटली नाही. प्रकरण मसलत मंडळाकडे गेले आणि जुलै २०१८ मध्ये त्याने मजलिसच्या बाजूने कौल दिला. निकनाम पुन्हा आपल्या खुर्चीवर बसले.

या गोष्टीत इराणची व्यवस्था पुरती उतरली आहे. यझ्दच्या साध्या मुसलमान मतदारांना धर्म आड आला नव्हता. त्यांना पाणी, रस्ते, कचरा बघणारा माणूस हवा होता. लोकप्रतिनिधींनाही धर्म आड आला नाही. तो आड आला फक्त दारावर बसलेल्या चार-सहा जणांना. आणि ज्या हक्कासाठी कोणाची परवानगी लागायला नको होती, तो मिळवायला राष्ट्राच्या तीन सर्वोच्च सभांना वर्षभर राबावे लागले.

छाननी

इथवरही एक वेळ चालले असते. खरी मेख पुढे आहे. कायदा तपासणारे हे मंडळ उमेदवारही तपासते.

'छाननी' हा शब्द खानदेशात पोराबाळांना ठाऊक आहे. ग्रामपंचायतीचे पॅनल असो की जिल्हा परिषद, अर्ज भरायचे, छाननीच्या दिवशी तहसील कचेरीबाहेर घोळक्याने उभे राहायचे, माघारीपर्यंत फोनाफोनी करायची. आपल्या छाननीत वय, मतदार यादीतले नाव, सूचकाची सही, अनामत, जातीचा दाखला, असल्या गोष्टी बघतात. निवडणूक अधिकाऱ्याला तुमच्या मनात काय आहे ते विचारण्याचा अधिकार नाही. अर्ज अन्यायाने बाद झाला तर निवडणूक याचिका करून न्यायालयात जाता येते.

इराणात मंत्रालयाच्या समितीनंतर निगराणी मंडळ छाननी करते आणि तीत इस्लामवर व विलायते फकीहवर उमेदवाराची निष्ठा आहे का, हेही पाहिले जाते. निवडणुकांवर 'देखरेख' एवढाच शब्द घटनेत होता. १९९१ मध्ये मंडळाने स्वतःच त्याचा अर्थ लावला, की देखरेख म्हणजे प्रत्येक टप्प्यावर मान्यता देण्या-नाकारण्याचा अधिकार. २००४ च्या निवडणुकीआधी तर विद्यमान सदस्यांपैकीच सुमारे ऐंशी जण अपात्र ठरले. शंभराहून अधिक सदस्यांनी राजीनामे दिले, मजलिसच्या आवारात धरणे धरले. उपयोग झाला नाही. २०१६ मध्ये इस्फहानमधून मीनू खालेकी ही तरुण बाई निवडून आली. मतमोजणी झाली, निकाल लागला आणि त्यानंतर मंडळाने तिला मिळालेली मतेच रद्द केली. निवडून येऊनही तिला सभागृहात पाऊल ठेवता आले नाही.

बायकांचा विषय निघाला म्हणून एक जुळणी सांगतो. १९६२ मध्ये जळगाव मतदारसंघातून प्रतिभाताई पाटील प्रथम आमदार झाल्या, तेव्हा इराणच्या स्त्रियांना मताचाही अधिकार नव्हता. तो १९६३ मध्ये मिळाला. त्या वेळी खोमेनींचा त्याला विरोध होता. क्रांतीनंतर त्यांनीच स्त्रियांना मतदानाला बोलावले आणि मजलिसमध्ये स्त्रिया निवडून जात राहिल्या. एकदा दिलेले मत परत काढून घेणे फार अवघड असते. त्याची किंमत शून्यावर आणणे त्या मानाने सोपे.

ही गोष्ट धुळ्याकडच्या एका शेतकरी मित्राला सांगत होतो. त्याने सगळे ऐकून घेतले आणि अहिराणीत विचारले, "मंग मत दीसन काय फायदा, भो?" इराणच्या जनतेनेही हे विचारायला सुरुवात केली. सरकारी आकड्यांप्रमाणेच मजलिसच्या २०२० च्या निवडणुकीत मतदान सुमारे साडेबेचाळीस टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये ते आणखी खाली, एक्केचाळीसच्या आसपास आले. दारावरचा पहारा कडक झाला, तशी दारापर्यंत येणाऱ्यांची रांग आटली.

आणि पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा? धर्मशास्त्री नेमतो सर्वोच्च नेता. सर्वोच्च नेत्याला निवडते आणि घटनेप्रमाणे काढूही शकते ते तज्ज्ञ मंडळ, जे लोक मतदानाने निवडतात. ऐकायला छान वाटते. पण या तज्ज्ञ मंडळाच्या उमेदवारांची छाननी करते निगराणी मंडळ! २०१६ मध्ये खुद्द खोमेनींचे नातू हसन खोमेनी यांचा अर्ज या छाननीत बाद झाला. वर्तुळ पुरे झाले. लोकांना त्यात शिरायला जागा आहे, वर्तुळ बदलायला नाही.

कुंपण सगळ्यांनाच असते

इथे चौकस वाचक मला थांबवील आणि थांबवावेच. "सर, आपल्या तरी संसदेला शेवटचा शब्द कुठे आहे? १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेच ना, की घटनेची मूलभूत चौकट संसदेला मोडता येणार नाही? तिथे शास्त्री, इथे न्यायाधीश."

आक्षेप पोकळ नाही. संसदेला कुंपण दोन्हीकडे आहे आणि असायलाही हवे; बहुमताच्या जोरावर उद्या कोणी निवडणुकाच रद्द करील. आपल्याही न्यायाधीशांच्या नेमणुका कोणी कराव्यात यावर वाद आहे. २०१५ मध्ये संसदेने केलेला नेमणुकांचा कायदा न्यायालयाने रद्द केला, तेव्हा तो चांगलाच रंगला. तेव्हा कुंपण असणे हा दोष मानता येत नाही. पाहायचे ते हे, की कुंपण कशासाठी घातले आणि त्याच्या फाटकातून आत कोणाला सोडतात.

केशवानंद खटल्याचा निकाल सात विरुद्ध सहा असा लागला. प्रत्येक न्यायमूर्तीची कारणे छापील आहेत, विरुद्ध मत देणाऱ्यांचीही; कोणीही वाचावीत, चुकीची म्हणावीत. न्यायालय कायदा झाल्यावर, कोणी दाद मागितली तर बोलते. संसदेत कोणी बसायचे हे ते आधी ठरवत नाही. आपल्या राष्ट्रपतींनाही विधेयक एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येते. संसदेने ते पुन्हा मंजूर केले की सही द्यावीच लागते. जळगावच्या प्रतिभाताई २००७ ते २०१२ राष्ट्रपती होत्या. त्यांच्या हातात अधिकार होता तो एवढाच. शिवाय मुद्दा असा, की आपल्या घटनेचे कुंपण मतदाराच्या हक्काभोवती आहे. इराणचे कुंपण एका सिद्धांताभोवती आहे. पहिल्यात मतदार आत असतो, दुसऱ्यात त्याला आत येण्यासाठी दाखला लागतो.

आणखी एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. इराण म्हणजे सगळे मुसलमानी जग नव्हे. सौदी अरेबियात १९९० च्या दशकात शूरा सुरू झाली ती राजाने नेमलेल्या सदस्यांची आणि सल्ला देण्यापुरती. पाकिस्तानच्या घटना समितीने मार्च १९४९ मध्ये सार्वभौमत्व अल्लाचे असा ठराव केला, पण कायदा करणारी सभा निवडलेली ठेवली. त्यावर १९८० मध्ये शरियत न्यायालय बसवले. त्या ठरावाला श्रीसचंद्र चट्टोपाध्याय यांच्यासारख्या हिंदू सभासदांनी सभागृहात कडाडून विरोध केला होता. इंडोनेशियात जगात सर्वाधिक मुसलमान राहतात, पण तिथे राज्य इस्लामी नाही. आणि आपल्या जळगाव, भुसावळ, धुळ्यातले मुसलमान १९५२ पासून त्याच रांगेत उभे राहून मत देत आले आहेत जिच्यात तुम्ही-आम्ही उभे असतो. एका धर्माला लोकशाही मानवते आणि दुसऱ्याला मानवत नाही, असा निष्कर्ष यातून काढणाऱ्याने यझ्दचे मतदार आठवावेत.

धोका तिथे सुरू होतो जिथे कोणी तरी म्हणते, की 'लोकांना काय कळते, त्यांच्या वतीने आम्ही ठरवतो कोण खरा धार्मिक, कोण खरा देशभक्त आणि कोण उभे राहण्याच्या लायकीचा'. हे वाक्य कोणत्याही भाषेत, कोणत्याही झेंड्याखाली बोलता येते.

या वाक्याला खानदेशाने एकदा उत्तर दिलेले आहे. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेडेगावात भरलेले पहिले. अध्यक्ष पंडित नेहरू. नंदलाल बोस यांनी बांबू-तट्ट्यांनी सजवलेले नगर पाहायला बैलगाड्यांनी माणसे लोटली. तिथे मागणी झाली, की आमची घटना इंग्रजांनी पाठवायची नाही, प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या घटना समितीने ती करायची. त्या गर्दीतल्या बहुतेकांना त्या वेळच्या कायद्याने मताचा अधिकारही नव्हता. गावाच्या नावातला 'फैज' अरबी आहे, अर्थ कृपा. पण त्या मंडपात कोणी कृपा मागत नव्हते.

थाळनेर आणि फैजपूर, दोन्ही आपल्याच तापीच्या खोऱ्यात. एका ठिकाणी हुकूम वरून येत असे, दुसऱ्या ठिकाणी तो खालून उठला. इराणने शंभराहून अधिक वर्षे या दोन्ही गोष्टी एकाच इमारतीत बसवण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी मजलिसने तोफा सोसल्या आणि अपात्रतेचे शिक्केही सोसले, तरी तिथले वकील लोकांची बाजू मांडायला उभे राहात आले. त्यांच्या हालांवर हसू नये.

आपण एवढेच करावे. पुढच्या निवडणुकीत छाननीनंतर वैध अर्जांची यादी तहसील कचेरीच्या फळ्यावर लागेल, तेव्हा ती वाचायला जावे. तीत न आवडणारी नावे असतील, परक्या विचाराची असतील, काही तर निव्वळ हौशी असतील. ती सगळी तिथे आहेत आणि त्यांतले कोणते नको हे ठरवायचे काम अजून आपल्यावर सोपवलेले आहे, ही त्या फळ्यावरची सगळ्यात मोठी बातमी असते.